टेकडीवरची शांती आणि तहसीलमधली शांतता

राजगीरच्या रत्नगिरीवरील विश्वशांती स्तूपाला वंदन करून आम्ही नुकतेच परतलो. आमच्यासोबत रोहिणखेड आणि आसपासच्या गावांतील चाळीसेक धम्मबांधव आणि भगिनी होत्या. त्यांत शेतमजूर होते, दोन निवृत्त शिक्षक होते, एस.टी.तले एक कंडक्टर होते. आयुष्यात पहिल्यांदाच जिल्ह्याबाहेर पाऊल टाकणाऱ्या आयाबायाही होत्या. मलकापूरला गाडी धरली, गाड्या बदलत गयेला उतरलो, बुद्धगयेत महाबोधी महाविहाराचे दर्शन घेतले आणि तिथून सत्तरेक किलोमीटरवरच्या राजगीरला गेलो. अशा धम्मयात्रा आता आपल्या समाजात नव्या राहिलेल्या नाहीत. दरवर्षी हजारो लोक पदरमोड करून जातात, फोटो काढतात, परत येतात. आम्हीही असेच परतलो असतो आणि हा मजकूर लिहिण्याची वेळ आली नसती. पण स्तूपाच्या पायरीवर बसलेल्या एका आजीने आम्हाला एक प्रश्न विचारला आणि वकिलीची वीस वर्षे झालेल्या आमच्यासारख्या माणसाला त्याचे उत्तर पटकन सुचले नाही.

आजी सत्तरीच्या पुढच्या. रोपवेच्या एकट्या खुर्चीत बसायला त्यांनी साफ नकार दिला. "मी काय जत्रेतल्या पाळण्यात बसाले आली का?" असे म्हणून त्या पायवाटेने निघाल्या. त्यांच्यामुळे आम्हालाही चालावे लागले. वर पोचल्यावर त्यांनी स्तूपाला तीन प्रदक्षिणा घातल्या, चारही दिशांच्या सोनेरी बुद्धमूर्तींपुढे माथा टेकवला, पदराने घाम पुसला आणि विचारले, "वकीलसाहेब, मले एक सांगा. ह्याले शांतीचा स्तूप म्हंतात. अन् आपल्या तहसीलीत माह्या नातवाकून कागदावर सही मांगतात ते बी शांतीचाच कागद व्हय ना? मंग हे दोन्ही एकच का?"

या प्रश्नामागची हकीकत वाचकांना सांगितली पाहिजे. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने गावाचे आणि माणसांचे नाव देत नाही. आमच्याच पट्ट्यातील एका गावात भीमजयंतीच्या मिरवणुकीच्या वाटेवरून वाद झाला. आजीच्या नातवाला काठ्यांनी मारले, जातीवरून शिव्या दिल्या. त्याने धीर करून ठाण्यात फिर्याद दिली, अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. दुसऱ्याच दिवशी समोरच्यांनी उलट फिर्याद दिली. त्या पाठोपाठ 'दोन्ही गटांकडून शांतता भंग होण्याची शक्यता' या मजकुराची नोटीस आली. मारणाऱ्यालाही तीच आणि मार खाणाऱ्यालाही तीच. पूर्वी आपण तिला एकशे सातची कारवाई म्हणायचो. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आणि कलमाचा आकडा १२६ झाला. खेड्यातल्या माणसासाठी ती आजही 'चॅप्टर केस'च आहे.

या तरतुदीचा हेतू वाईट नाही. भांडण पेटण्याआधी कार्यकारी दंडाधिकाऱ्याने संबंधितांकडून शांतता राखण्याचे बंधपत्र घ्यावे, ही कल्पना समजण्यासारखी आहे. पण खेड्यात तिचा वापर कसा होतो? ज्याचे डोके फुटले त्याला तारखेला तहसीलमध्ये उभे करायचे. एक दिवसाची मजुरी बुडवायची. पुढची तारीख, पुन्हा मजुरी बुडाली. चार तारखांनंतर गावातले दोन-चार वजनदार लोक घरी येतात, चहा घेतात आणि म्हणतात, "जाऊ द्या आता, गावात शांतता राहू द्या." अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा कायद्याने तडजोडीचा नाही, हे त्यांनाही माहीत असते. म्हणून ते खटला मागे घ्या असे म्हणत नाहीत. साक्षीच्या दिवशी "मला आठवत नाही" एवढेच म्हणा, असे सुचवतात. आजी या प्रकरणातल्या प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आहेत. यात्रेला निघण्यापूर्वी त्यांच्याही घरी असा चहा पिऊन झाला होता.

म्हणजे आजीला ठाऊक असलेली शांतता ही अशी. पोलीस ठाण्याच्या 'शांतता समिती'ची बैठक कधी होते? चौदा एप्रिल जवळ आला की. त्या बैठकीत कोणाला सूचना मिळतात? मिरवणूक कुठून न्यायची नाही, आवाज किती ठेवायचा, किती वाजता बंद करायचे. कायदा सर्वांना सारखा असेल तर आमची हरकत नाही, आवाजाची मर्यादा आमच्याही म्हाताऱ्यांच्या हिताची आहे. पण ज्या गल्लीतून आपली मिरवणूक जाऊ दिली जात नाही त्या गल्लीच्या मालकांना कोणी बैठकीला बोलावून विचारले आहे का, की बाबांनो, सार्वजनिक रस्ता तुमच्या बापाचा कधी झाला? वर्षानुवर्षे 'शांतता' या शब्दाचा अर्थ आपल्या लोकांसाठी एकच राहिला आहे: तुम्ही गप्प बसा.

आता त्या टेकडीवरच्या शांतीकडे वळू. स्तूप कोणी बांधला, का बांधला आणि नेमका तिथेच का बांधला, हे आपल्या यात्रेकरूंना कोणी सांगत नाही. गाइड रोपवेची लांबी सांगतो आणि पैसे घेऊन मोकळा होतो. स्तूप उभारला तो जपानी भिक्खू निचिदात्सू फुजी आणि त्यांच्या निप्पोन्झान म्योहोजी संघाने. १८८५ मध्ये जन्मलेले फुजी गुरुजी १९३०च्या सुमारास भारतात आले. १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले, आणि त्या राखेतून जगभर शांती स्तूप उभारण्याचा संकल्प त्यांनी केला. पहिला स्तूप १९५४ मध्ये जपानातच कुमामोतो येथे झाला. राजगीरच्या स्तूपाची पायाभरणी १९६५ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते झाली आणि १९६९ मध्ये राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. पुढे ओरिसातील धौली, लडाखमधील लेह, दार्जिलिंग आणि आपल्या विदर्भातील वर्धा येथेही याच संघाचे स्तूप उभे राहिले. गुरुजी जवळजवळ शंभर वर्षे जगले आणि १९८५च्या जानेवारीत गेले.

जागा रत्नगिरीची का? कारण खालच्याच अंगाला गृध्रकूट आहे. तथागतांच्या वास्तव्याने पावन झालेला तो खडक. फुजी गुरुजी ज्या सद्धर्मपुंडरीक सूत्राचे उपासक होते त्या सूत्राचा उपदेश याच गृध्रकूटावर झाला अशी महायान परंपरा आहे. शेजारच्या जपानी विहारात ढोलाच्या ठेक्यावर त्या सूत्राच्या नावाचा घोष चालतो. आमच्या मंडळींना तो घोष नवा होता. कोणी कुजबुजले, "हे आपल्यातले नाहीत काय?" आम्ही म्हटले, यान वेगळे असेल, पण अणुबॉम्बची राख पाहून ज्याने बुद्धाची वाट जगाला दाखवली तो आपलाच.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने लिहिली पाहिजे, कारण आंबेडकरी वाचकाच्या मनात ती येणारच. फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले आणि त्यांच्या अहिंसेने भारावून गेले. आश्रमाच्या प्रार्थनेत त्यांचा तो जपानी घोष पुढे कायमचा सामील झाला. आता १९३३ हे साल आपल्या दृष्टीने कोणते? २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला त्याच्या पुढचे, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली त्याच्या अलीकडचे. एका महात्म्याचे प्राण वाचवण्यासाठी आणि खेडोपाडी आपल्या लोकांवर सूड उगवला जाऊ नये म्हणून बाबासाहेबांना ज्या कागदावर सही करावी लागली, त्या कागदाची शाई वाळली नव्हती. तोही एका अर्थी शांततेचाच कागद होता. परदेशातून आलेल्या त्या भिक्खूला हे कोणी सांगितले असेल का? वर्ध्याच्या आश्रमातून तेव्हा महारवाड्याकडे जाणारी वाट त्यांना कोणी दाखवली असेल का? याचा दोष आम्ही फुजी गुरुजींना देत नाही. पण शांतीची पूजा करणाऱ्या भल्या माणसालाही दबलेल्याच्या बाजूची हकीकत दिसेलच असे नाही, एवढे यातून ध्यानात घ्यावे.

तेव्हा आजीला उत्तर द्यायचे तर स्तूपाच्या पांढऱ्या भिंतीवर ते मिळणार नव्हते. आम्ही त्यांना म्हटले, "आजी, खाली अजून एक जागा आहे. तिथे चला." बाकीची मंडळी रोपवेच्या रांगेत उभी राहिली. आम्ही सात-आठ जण आजीच्या चालीने गृध्रकूटाकडे उतरलो. बिंबिसार राजा भगवंतांच्या दर्शनाला ज्या वाटेने येत असे, ती ही वाट, असे मानतात. वरती थोडी सपाट जागा, विटांचे जुने अवशेष, आणि समोर सगळे राजगृह डोंगरांच्या कुशीत. ना खेळणीवाले, ना गर्दी. तिथे बसून आम्ही आजीला वस्सकाराची गोष्ट सांगितली.

महापरिनिब्बान सुत्त याच जागेपासून सुरू होते. मगधाचा राजा अजातशत्रू. बापाला, म्हणजे त्याच बिंबिसाराला, कोंडून मारणारा. त्याला वज्जींचे गणराज्य बुडवायचे होते. त्याने आपला ब्राह्मण अमात्य वस्सकार याला गृध्रकूटावर पाठवले, भगवंत काय म्हणतात ते ऐकून ये म्हणून. नीट पाहा. शांतीचा संदेश ज्या टेकडीवरून निघाला म्हणतात, तिथे विचारायला आलेला माणूस युद्धाचा दूत होता! आणि भगवंतांनी त्याला काय सांगितले? "युद्ध वाईट आहे, शांत राहा" असा गुळमुळीत उपदेश केला नाही. त्यांनी वस्सकाराकडे वळूनही न पाहता मागे वारा घालत असलेल्या आनंदाला प्रश्न विचारले. वज्जी लोक वारंवार सभा भरवतात का? एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात, एकोप्याने कामे करतात का? ठरलेला कायदा पाळतात का, की मनाला येईल तसा नवा काढतात आणि जुना मोडतात? वडीलधाऱ्यांचे ऐकतात का? बायका-मुलींना पळवून नेऊन जबरदस्तीने ठेवत तर नाहीत ना? आपली चैत्ये आणि अर्हंत यांची राखण करतात का? सातही प्रश्नांना आनंदाचे उत्तर होय असे आले. तेव्हा भगवंत म्हणाले की असे आहे तोवर वज्जींची भरभराटच होणार, ऱ्हास नाही.

वकील म्हणून आम्ही ही गोष्ट वाचतो तेव्हा थक्क होतो. यात एकही मंत्र नाही, एकही चमत्कार नाही. सभा आहे, कायदा आहे, स्त्रीची सुरक्षितता आहे. तथागतांच्या लेखी एखाद्या समाजाची शांती म्हणजे त्याची घडी. जिथे माणसे मोकळेपणाने एकत्र बसतात, जिथे नियम सर्वांना सारखा लागतो, जिथे बाईच्या अंगावर हात पडत नाही, तिथे शांती. आणि जिथे हे नाही तिथे कितीही नीरव असले तरी ती शांती नव्हे. म्हणूनच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाची आठवण काढली. बैठकव्यवस्था, ठराव, गणसंख्या, गुप्त मतदान हे सारे नियम संघाला ठाऊक होते आणि ही लोकशाही भारताने गमावली, असे त्यांनी देशाला बजावले. ते नियम बुद्धांनी आपल्या काळच्या राजकीय सभांवरूनच घेतले असावेत असेही ते म्हणाले. त्या सभा म्हणजे वज्जींसारख्या गणराज्यांच्याच.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही आणि आजीला पुढचा भागच जास्त कळला. वस्सकार हुशार होता. त्याने तिथल्या तिथे निष्कर्ष काढला की वज्जींना लढाईत हरवणे शक्य नाही, एक तर त्यांना गोड बोलून फितवले पाहिजे किंवा त्यांच्यात फूट पाडली पाहिजे. पुढची हकीकत अट्ठकथेत येते. वस्सकार राजाशी भांडल्याचे सोंग करून वज्जींमध्ये जाऊन राहिला. एकाच्या कानाशी लागायचा, दुसऱ्याला वाटायचे आपल्याविरुद्ध काही शिजते आहे. तीन वर्षांत अशी गत झाली की सभेची भेरी वाजली तरी कोणी जमेना. अजातशत्रू चालून आला तेव्हा सामना करायला कोणी उरले नव्हते.

आजी म्हणाल्या, "म्हंजे चहा प्याले आलते तेच की हे!"

आम्ही निरुत्तर झालो. ज्या गोष्टीसाठी आम्ही ग्रंथ उघडतो ती या बाईने अंगावर झेललेली आहे.

आणि आता थोडे आपल्याच लोकांविषयी. हे लिहिताना काही जणांना राग येईल, येऊ द्या. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर वर्षाच्या आत. त्यानंतर त्याचे किती तुकडे झाले हे मोजायला आता हाताची बोटे पुरत नाहीत. १९७२ मध्ये पँथर उभी राहिली, दोनच वर्षांत दुभंगली. प्रत्येक वेळी कोणी ना कोणी वस्सकार होता हे खरे. पण भेरी वाजूनही जमलो नाही ते आपण. आजीच्याच गावात पाहा. विहार एक, समित्या दोन. जयंतीच्या मिरवणुका दोन, वर्गणीच्या पावत्या दोन, आणि नातवाला मार पडला त्या दिवशी 'तो त्यांच्या मिरवणुकीतला' म्हणून एका समितीचे लोक ठाण्यात आलेच नाहीत! विहाराचे कुलूप वैशाख पौर्णिमेला आणि चौदा एप्रिलला निघते, मधल्या काळात किल्ली कोणाकडे यावरून वाद. वारंवार सभा भरवतात का? या पहिल्याच प्रश्नावर आपण नापास. अशा समाजाने बाराशे-पंधराशे किलोमीटर जाऊन शांती स्तूपाला प्रदक्षिणा घातली तर काय पुण्य पदरी पडणार? धम्मयात्रेला आमचा विरोध नाही, उलट माणसाने बुद्धाची भूमी डोळ्यांनी पाहावी. पण रोपवेत बसून गेलो, फोटो काढला, खाली आलो, ही सहल झाली. गृध्रकूट जेमतेम थोडे अंतर बाजूला आहे आणि आमच्या चाळिसांतले बत्तीस जण तिकडे फिरकलेही नाहीत.

शांती आणि न्याय यांचा संबंध ज्याला प्रत्यक्ष पाहायचा असेल त्याने धौलीलाही जावे. आम्ही काही वर्षांपूर्वी भुवनेश्वरला एका परिषदेसाठी गेलो असता तिथे गेलो होतो. टेकडीवर फुजी गुरुजींच्या संघाचाच शांती स्तूप आहे, १९७२ मध्ये झालेला. सगळे पर्यटक वर जातात. खाली एका खडकातून अर्धा हत्ती कोरून काढलेला आहे आणि त्या खडकावर सम्राट अशोकाचे लेख आहेत. कलिंगच्या युद्धात एक लाख मेले, दीड लाख कैद करून नेले, असे सांगणारा त्याचा प्रसिद्ध तेरावा लेख इथे नाही. ज्यांची माणसे मारली त्यांच्याच दारात तो आकडा कशाला लिहायचा, असा विचार झाला असावा. त्याऐवजी दोन वेगळे लेख कोरले आहेत. पहिला आहे तोसलीच्या महामात्रांना, म्हणजे नगरातील न्यायनिवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांना उद्देशून. त्यात सम्राट सांगतो की सगळी माणसे माझी लेकरे आहेत. कोणालाही विनाकारण तुरुंगात टाकू नका, छळू नका, निःपक्षपाती वागा. मत्सर, राग, निष्ठुरपणा, घाई, आळस, थकवा यांनी न्याय होत नसतो. बावीसशे वर्षांहून जुने हे परिपत्रक आहे! कलिंगमध्ये शांती आणायची तर अशोकाने आधी न्यायाधिकाऱ्यांना वठणीवर आणले. आमच्या तालुक्यांतील कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या टेबलावर काचेखाली कोणाचे कोणाचे फोटो असतात. तिथे या लेखाचे मराठी भाषांतर ठेवायला काय हरकत आहे?

कारण न्यायाशिवायची शांतता कुठे नेते ते विदर्भाने पाहिले आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना ठार मारले. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे म्हटले. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा कमी केल्या, आणि तो कायदा तेव्हाही लागू झाला नाही. जे लोक तेव्हा रस्त्यावर उतरले त्यांनाच शांतता बिघडवणारे ठरवले गेले. पुढे २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या कायद्याची धार बोथट झाली, २ एप्रिलला देशभर बंद झाला, त्याच वर्षी संसदेला १८-अ हे कलम घालून ती धार परत आणावी लागली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ती दुरुस्ती उचलून धरली. लोक गप्प बसले असते तर हे झाले असते काय?

बुद्धगयेतही आम्हाला हेच दिसले. महाविहाराचा कारभार १९४९च्या कायद्याने चालतो. समितीत चार बौद्ध, चार हिंदू, आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. २०१३ मध्ये दुरुस्ती होईपर्यंत तो अध्यक्षही हिंदूच असला पाहिजे अशी अट होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये हा कायदा रद्द व्हावा म्हणून भिक्खू उपोषणाला बसले. त्यांनाही ऐकवले गेले ते शांतता राखा हेच. त्या विषयावर स्वतंत्रपणे लिहू. तो एका परिच्छेदात मावणारा नाही.

रोहिणखेडच्या मंडळींना आम्ही गाडीत सांगितले की तुमच्या गावाला शांतीचा अर्थ इतरांपेक्षा लवकर कळायला हवा. घाटाच्या पायथ्याला असल्याने तुमच्या शिवारातून फौजा गेल्या. १४३७ मध्ये बहामनी सरदाराने खानदेशच्या नासिरखानाचा पराभव केला तो रोहिणखेडला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या गादीसाठी पुन्हा तिथेच लढाई झाली. गावात १५८२ सालची मशीद उभी आहे. इतिहासात सुलतानांची नावे आली. त्या लढायांत ज्यांची उभी पिके तुडवली गेली, ज्यांना वेठीला धरून ओझी वाहायला लावली, त्यांची नावे कुठल्या बखरीत आहेत? कंडक्टर साहेब हसून म्हणाले, "ते आपलेच असतील." असतीलच.

परत आल्यावर तहसीलची तारीख होती. आम्ही नातवाच्या वतीने लेखी म्हणणे दिले: हा मुलगा फिर्यादी आहे, त्याच्याकडून शांतता भंग होईल असे दाखवणारा एकही तपशील नोटिशीत नाही. पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण देण्याची जबाबदारी अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५-अ प्रमाणे शासनाची आहे, आणि इथे त्यांनाच दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले जात आहे. समोरच्यांनी मुदत मागितली. पुढची तारीख पडली.

बाहेर झाडाखाली दोन्ही समित्यांचे मिळून अकरा जण उभे होते. एकाच झाडाखाली, जरा अंतर ठेवून. आजीने यात्रेहून आणलेली बुद्धगयेच्या पिंपळाची पाने दोन्हीकडे वाटली आणि रविवारी संध्याकाळी विहारात बसायचे आहे, किल्ली ज्याच्याकडे असेल त्याने ती घेऊन यावी, असे सांगितले. कोणी हो म्हणाले नाही, कोणी नाहीही म्हणाले नाही. सत्र न्यायालयातली आजीची साक्ष पुढच्या महिन्यात आहे. समन्सचा कागद त्यांनी घडी करून त्याच पिशवीत ठेवला आहे, आणि गावातले वजनदार लोक दुसऱ्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी घरात साखर संपल्याचे सांगितले.